चौथी गव्हाण

१

पीरमहंमदची घोडी सांभाळायची म्हणजे गोरक्षनाथला नवं काहीच नव्हतं. तिसगावच्या तालमीत दोघं एका मातीत लोळले होते, एकाच्या लग्नात दुसऱ्यानं पंगती वाढल्या होत्या. पीरमहंमद बाहेरगावी निघाला की त्याच्या जनावरांचं दाणापाणी गोरक्षनाथनं बघायचं, हे कधी बोलून ठरवावं लागलं नाही. गोरक्षनाथ खरा बैलांचा माणूस. पण घोड्याच्या मागून जायचं नाही, पुढून जायचं तर बोलत जायचं, आणि भीती वाटली तरी हाताला कळू द्यायची नाही, एवढं तो मित्राकडून शिकला होता.

जर्मनशी दुसरी लढाई सुरू झाली आणि नगरच्या छावणीतली घोडदळाची जनावरं जाऊन त्यांच्या जागी लोखंडी गाड्या आल्या. तेव्हा लिलावात निघालेली तीन घोडी पीरमहंमदनं आणली आणि पाथर्डीच्या रस्त्यावर टांगे सुरू केले. चांदणी नावाची पांढरी घोडी, लाखी नावाची तांबूस घोडी, आणि सुलतान, काळाभोर घोडा. दसऱ्याच्या सुमाराला त्यानं गावाबाहेर आपल्या घरामागं नवा तबेला बांधला. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, एकच दार, उंचावर एक झरोका. आत मागच्या भिंतीला लागून ओळीनं चार गव्हाणी. घोडी तीनच होती, पण बांधतोच आहोत तर चौघांची जागा करू, असं त्याला वाटलं.

फाल्गुनात कोपरगावहून सांगावा आला. पीरमहंमदच्या बायकोचे, सुरय्याचे, वडील अंथरुणाला खिळले होते. भाड्याची बैलगाडी दारात उभी राहिली. सुरय्या पदरानं डोळे टिपत आधीच गाडीत बसली होती.

"सासऱ्याचं काय खरं न्हाई, गोरख," पीरमहंमद म्हणाला. "भेट झाली तर भेट, न्हाईतर मातीला तरी पोचतो. तू हायेस म्हनून निघतोय."

"जा तू बिनघोर. भाभी, रडू नगा. म्हातारा हाडाचा घट हाय."

पीरमहंमद गाडीत चढला आणि पुन्हा खाली उतरला. "सुलतान अलीकडं तिरसट झालाय. नव्या जागेत आल्यापास्नं डोकं फिरल्यागत करतो. पन त्याला मारू नको बरं का. लई मानी जनावर हाय."

"मी कशाला मारतोय त्याला?" गोरक्षनाथ हसला.

गाडी वळणाआड गेली. त्यानं तबेल्यात जाऊन तिन्ही गव्हाणींत कडबा टाकला, बादलीनं पाणी दाखवलं आणि चांदणीच्या अंगावरून खरारा फिरवायला घेतला. दाराजवळ चांदणी, मग लाखी, मग सुलतान, आणि सगळ्यांच्या पलीकडं, अगदी कोपऱ्यात, ती चौथी रिकामी गव्हाण. घोडी कडबा चावत होती. करकर, करकर. त्या आवाजानं माणसाला झोप येते. गोरक्षनाथच्याही डोळ्यांवर तार आली.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून कुणाचं तरी कुत्रं केकाटत गेलं. तिन्ही घोड्यांनी एकदम माना वर केल्या, कान टवकारले, तोंडं थांबवली.

करकर मात्र चालूच राहिली.

२

तो ऐकत उभा राहिला. सावकाश, दमदार चावणं. दाढेवर दाढ घासल्याचा आवाज, मध्येच एक घोट, पुन्हा चावणं. मग घोड्यांनी माना खाली घातल्या आणि त्यांच्या आवाजात तो आवाज मिसळून गेला.

घुशी असतील, त्यानं मनाशी म्हटलं. नवं बांधकाम, भिंतीत पोकळी राहिली असेल. नाहीतर पत्र्यावरून आवाज फिरून येत असेल. विहिरीत नाही का एका हाकेच्या दोन होतात? त्यानं कोपऱ्यात जाऊन चौथी गव्हाण बघितली. आत काही नव्हतं. काडी नाही, कोळिष्टक नाही, धूळसुद्धा नाही. दगड ओलसर होता, चाटून काढल्यासारखा.

सकाळ-संध्याकाळ तो येत राहिला. रात्री मित्राच्या घराला कुलूप घालून आपल्या वस्तीवर जायचा, उजाडलं की पुन्हा हजर. काम नेहमीचंच. पण आता तो टाळी वाजवायचा. टाळी वाजली की घोडी थबकायची, आणि तो श्वास रोखून ऐकायचा. कधी काहीच नसायचं. मग त्याला स्वतःचं हसू यायचं. आणि कधी ती करकर कोपऱ्यातून सरळ अंगावर यायची. त्याच्या टाळीचं तिला काही देणंघेणं नसायचं.

घोडी उतरत चालली होती. त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. गव्हाणी मात्र चकचकीत. एवढा कडबा, एवढा भिजवलेला हरभरा जातो कुठं? सुलतान तर नीट खातच नव्हता. पुढच्या दोराला ताण देऊन तो तिरका उभा राहायचा, त्याचं ढुंगण लाखीकडं आणि तोंड कोपऱ्याकडं. त्याला सरळ करावा तर पुन्हा तसाच. कोपऱ्याकडच्या खांद्यावर त्याला एक जखम झाली होती, खोल आणि गोल. भिंतीच्या दगडाला घासला असेल म्हणून गोरक्षनाथनं तीत हळद-तेल भरलं. भरताना त्याचा हात थांबला. त्या बाजूची भिंत त्यानं चाचपून बघितली. तिथं टोकदार दगड एकही नव्हता.

३

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. झरोक्यातून पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात कडब्याची कुसळं तरंगत होती. गोरक्षनाथ हरभऱ्याचं टोपलं काखेला लावून आत आला. चांदणीला घातलं, लाखीला घातलं. मग त्याच्या मनात आलं, बिचाऱ्याला कुणी काही घातलंच नाही.

हे त्याला नंतर आठवलं. बिचाऱ्याला, असा शब्द मनात आला होता. कुणाला, हा प्रश्न पडला नव्हता. लेकरू भाकरीकडं बघत असावं आणि आपण एकट्यानं खावं, तसं त्याला कानकोंडं झालं. तो सुलतानला ओलांडून कोपऱ्यात गेला. ओंजळ भरून हरभरा घेतला आणि चौथ्या गव्हाणीवर हात पुढं केला. तळहाताला ऊब लागली. ओली ऊब, श्वासाची. ओठांसारखं काहीतरी मऊ बोटांवरून फिरलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

सुलताननं त्याचा खांदा तोंडात धरला.

धरला आणि उचलला. गोरक्षनाथचे पाय जमिनीवरून सुटले. हाड करकरलं. घोड्यानं त्याला कडब्याच्या भाऱ्यासारखा झटकला आणि दाराच्या बाजूला भिरकावला. डोकं दगडावर आपटलं. तोंडात रक्त आलं. उठला तेव्हा त्याला फक्त संताप होता, आंधळा, लाल संताप. खुंटीवरचा टांग्याचा चाबूक त्यानं ओढला.

त्यानं मारलं. तोंडावर मारलं, कानांवर मारलं, आधीच्या जखमेवर मारलं. वादी तुटली तेव्हा दांड्यानं मारलं. सुलतान मागं सरेना, पुढंही येईना. कोपऱ्याच्या पुढं आडवा उभा राहून तो मार खात होता, आणि गोरक्षनाथचा संताप आणखीच चढला. घोडा गुडघ्यावर आला तेव्हा दांडा मोडला. लाखी आणि चांदणी भिंतीला चिकटून थरथरत होत्या.

मग त्यानं बैलांच्या मळणीतली मुसकी आणून घोड्याच्या तोंडाला आवळली. खेचत, लाथा घालत त्याला दाराशी आणला आणि पुढून-मागून दोरांनी असा ताणून बांधला, की मान हलायची सोय राहिली नाही. मधल्या जागी चांदणी गेली. आणि सुलतानच्या जागी, कोपऱ्यालगत, त्यानं लाखीला बांधलं.

"ऱ्हा आता असाच," तो धापा टाकत म्हणाला. "मालक आल्यावर बघंल."

दुपारी तो हात धुवायला रांजणाशी गेला. उजव्या हाताच्या बोटांवरची कातडी खरवडून गेलेली होती. पडताना खरचटलं असेल, असं त्यानं ठरवलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर त्याची बायको लंकाबाई त्याच्याबरोबरच आली. रात्रभर तापानं फणफणलेल्या नवऱ्याला ती एकटं सोडायला तयार नव्हती. खांद्यावर हळदीचा लेप होताच. घोड्याच्या दातांच्या दोन कमानी काळ्यानिळ्या उमटल्या होत्या.

तबेल्यात पाऊल टाकताच तिनं तोंडाला पदर लावला. लाखीच्या मानेवर, कोपऱ्याकडच्या बाजूला, ओंजळीएवढा खड्डा पडला होता. रक्त पायांवरून ओघळून वाळलं होतं. घोडी मान खाली टाकून उभी होती. माशासुद्धा तिच्यावर बसत नव्हत्या.

"ह्या हरामखोरानं..." गोरक्षनाथ सुलतानकडं वळला.

"कुनी?" लंकाबाईनं त्याचा हात धरला. "आवं, त्याच्या तोंडाला मुसकी हाय. दोर बघा. जागचा हललाय का तो?"

दोर जसेच्या तसे होते. गाठीवर गाठ.

लंकाबाई वाकून जखम बघत होती. "आनि हे घोड्याचं चावनं न्हाई. तुमचा खांदा मीच धुतला न्हवं? घोडं चावलं की मास ठेचतं, काळं पडतं. हितं ठेचलेलं काय बी न्हाई. हितलं काढून नेलंय."

गोरक्षनाथनं सुलतानकडं बघितलं. एक डोळा सुजून बंद झाला होता. उघड्या डोळ्यानं घोडा त्याच्याकडं बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागं, कोपऱ्याकडं बघत होता. कालचं सगळं गोरक्षनाथच्या डोळ्यांपुढून एकदा फिरलं. तिरका उभा राहणारा घोडा. त्याची कोपऱ्याकडची जखम. आपण ओंजळ पुढं केली तेव्हा तो चावला, त्याच्या आधी कधीच नाही.

मारू नको, पीरमहंमद म्हणाला होता.

"लंके," तो हळू म्हणाला, "तू घरी जा. गोठ्यातली बैलं बाहेर काढ, जागा कर. मी हे तिन्ही घिऊन येतो. आत्ताच्या आत्ता."

ती लगबगीनं निघाली. घोडी एकेक करून काढावी लागणार होती. दाराशी ताणून बांधलेला सुलतान वाट अडवून होता, आणि त्याच्या जवळ जायची गोरक्षनाथला लाज वाटत होती. आपण दिलेला मार अजून त्याच्या तोंडावर ओला होता. म्हणून त्यानं आधी चांदणी सोडली. सुलतानच्या पोटाला घासत तिला बाहेर काढली आणि बाभळीला नेऊन बांधली. गाठ मारत असतानाच मागून लाखी ओरडली.

घोडं असं ओरडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बाई ओरडावी तसं ते होतं. मग दोर तुटल्याचा आवाज झाला. मग काहीतरी जड जमिनीवरून ओढल्याचा.

५

उन्हातून आत आल्यावर त्याला आधी काही दिसलं नाही. ओल्या गरम रक्ताचा वास नाकात भरला. मग दिसलं, लाखी आडवी होती. मागचे पाय हवेत झाडत होती आणि तिचं अख्खं धूड हिसक्याहिसक्यानं कोपऱ्याकडं सरकत होतं. तिची मान चौथ्या गव्हाणीच्या काठावरून आत गेली होती. त्या गव्हाणीत वीतभरही खोली नव्हती. तरी मान आत जात होती.

सुलतान दोरांना हिसडे देत होता. खुरांवरची कातडी सोलून निघाली होती, मुसकीतून लाल फेस गळत होता. गोरक्षनाथनं कडबा कापायचा विळा घेतला. आगाडीचा दोर तोडला, पिछाडीचा तोडला, मुसकीच्या दोरीत पातं घालून ओढलं. घाईत घोड्याचा गालही कापला गेला. सुलताननं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो त्याला उडवून कोपऱ्यात गेला.

पुढचं गोरक्षनाथनं भिंतीला पाठ लावून ऐकलं, कारण धुरळ्यात दिसत काहीच नव्हतं. टाप दगडावर आदळत होती, टाप मऊ कशावर तरी आदळत होती. काहीतरी फाटत होतं, ओलं कापड फाटावं तसं. सुलतानचा श्वास भात्यासारखा चालला होता. पत्रा थडाथडा वाजला. मग सुलतान मागच्या पायांवर उभा राहिला, झरोक्याच्या उजेडात त्याची काळी छाती उघडी पडली, आणि त्या छातीला धरलेलं तोंड गोरक्षनाथला दिसलं.

तोंड घोड्याचंच होतं. लांबोडकं, ओलं, नाकपुड्या फुललेल्या. पण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. ह्याचे दोन्ही पुढं होते, शेजारी शेजारी, वाघाचे असतात तसे. सुलतानच्या छातीत दात रुतवून ते त्या दोन्ही डोळ्यांनी गोरक्षनाथकडं बघत होतं. आणि चावत होतं. सावकाश.

सुलतानच्या टापा खाली आल्या. धुरळा उसळला.

गोरक्षनाथ बाहेर कसा आला त्याला कळलं नाही. सुलतान त्याच्या मागोमाग लडखडत आला. छातीचं कातडं लोंबत होतं, एक कान नव्हता, तोंड रक्तानं भरलं होतं. गोरक्षनाथनं दार ओढलं, कडी घातली आणि तिथंच अंगणात बसला. घोडा त्याच्याजवळ उभा राहिला.

दाराआड करकर सुरू झाली.

६

उन्हं कलताना कोपरगावची गाडी आली. सुरय्याच्या वडलांची माती झाली होती. पीरमहंमदनं गाडीतूनच सुलतानला बघितलं आणि उडी टाकली.

"गोरख! काय झालं? लाखी कुठंय?"

"लाखी गेली, पीरू."

"गेली म्हंजे?"

"आत हाय. मेली. तू आत जाऊ नको."

पीरमहंमदनं सुलतानच्या तोंडावरचं रक्त बघितलं. गोरक्षनाथचा बांधलेला खांदा बघितला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "ह्यानं मारली."

"ह्यानं न्हाई मारली."

"मग कुनी? सांग की! तुझा खांदा कुनी फोडला?"

"खांदा ह्यानंच फोडला. पन..." गोरक्षनाथनं दाराकडं बोट केलं. "तू आतला आवाज ऐक. दाराला कान लाव, पन आत जाऊ नको."

पीरमहंमदनं ऐकलं नाही. लाकडं फोडायची कुऱ्हाड भिंतीला टेकलेली होती, ती उचलून तो सुलतानवर धावला. घोडा जागचा हलला नाही. गोरक्षनाथ मध्ये पडला. दोघं झोंबले. तालमीतले जुने हात, पण आता डाव नव्हता. पीरमहंमदनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या बरगडीत घातला, पुन्हा घातला. गोरक्षनाथ मातीत कोसळला. सुरय्या किंचाळत मध्ये आली तेव्हा पीरमहंमद थांबला. तो रडत होता.

"मला लाखीला बघू दे," तो म्हणाला, आणि कडी काढून आत गेला.

गोरक्षनाथला ओरडायचं होतं, पण बरगडीतून श्वास येईना. तो गुडघ्यांवर रांगत दाराकडं निघाला. आत आधी शांतता होती. मग पीरमहंमदचा आवाज आला, हलका, लाडीक. नव्या जनावराला चुचकारताना तो असा बोलायचा.

"हो, हो, बेटा... हो... किती भुकेजलंस रे... घे, घे..."

सुलतान अंगणात होता. चांदणी बाभळीला होती. सुरय्यानं दोन्ही घोड्यांकडं बघितलं, मग दाराकडं, आणि तिचे ओठ पांढरे पडले.

पीरमहंमद बाहेर आला. त्याच्या हातात कुऱ्हाड नव्हती. चेहऱ्यावर हसू होतं, पोरगं झाल्याची बातमी ऐकलेल्या माणसासारखं.

"कुनाचं रे हे?" तो म्हणाला. "कसलं देखनं जनावर हाय, गोरख! पैल्याच भेटीत हातातनं खातंय बघ."

आणि दाखवायला त्यानं उजवा हात पुढं केला. हाताला अंगठा तेवढा उरला होता. बाकी तळव्यापर्यंत काही नव्हतं. रक्त कोपरावरून धारेनं मातीत पडत होतं आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती. गव्हाणीतला हरभरा संपला म्हणून तो पडवीतल्या पोत्याकडं वळला.

गोरक्षनाथनं त्याच्या पायांना मिठी मारली. पीरमहंमद पडला तसा तो त्याच्या छातीवर बसला. पीरमहंमद गुरासारखा हंबरला, त्यानं उरलेल्या हातानं मित्राचा गळा धरला, चावा घेतला. "सोड! उपाशी हाय ते! सोड मला!" सुरय्यानं पदर फाडून नवऱ्याचं मनगट आवळलं. गाडीवानानं दावं फेकलं. तिघांनी मिळून त्याला बांधला आणि गाडीत घातला. चांदणीला गाडीमागं बांधली. गाडी नगरच्या दवाखान्याकडं पळायला लागली.

"भाऊ," सुरय्या एकदम म्हणाली, "दार?"

गोरक्षनाथनं मागं बघितलं. तबेल्याचं दार सताड उघडं होतं. आत काळोख होता आणि चावण्याचा आवाज थांबला होता.

सुलतानला कुणी बांधलं नव्हतं, कुणी हाकही मारली नव्हती. लोंबत्या छातीनं, एका डोळ्यानं, तो अंगण ओलांडून गेला आणि त्या दारात आडवा उभा राहिला, तोंड आत करून. गोरक्षनाथ गाडीच्या मागच्या कठड्याला धरून बघत राहिला. रस्ता वळेपर्यंत तो काळा घोडा दारातून हलला नाही.